तेलवाल्यांचा काटा आणि आमचा एसी

चवथीच्या वर्गणीसाठी काढलेल्या आमच्या वाड्यावरच्या व्हॉट्सॲप गटावर या आठवड्यात तिसऱ्यांदा तोच संदेश आला. मथितार्थ असा: कार्बन फूटप्रिंट (आपल्यामुळे हवेत जाणाऱ्या कार्बनचा हिशेब) हे तेल कंपनीने सोडलेले पिल्लू, 71 टक्के प्रदूषण शंभर कंपन्याच करतात, गोवा तर हिरवागार, विजेची स्कूटरही शेवटी कोळशावरच चालते. तेव्हा खुशाल एसी लावून झोपा. खाली अंगठ्यांची रांग.

पिल्लू तेल कंपनीचे, हे बरेचसे खरे. हा शब्द घरोघरी पोचवला ब्रिटिश पेट्रोलियमच्या जाहिरातींनी. आपापला ठसा मोजायचा कॅल्क्युलेटर त्यांनी 2004 मध्ये काढला. दोष गिऱ्हाइकाच्या माथी मारायची सोय झाली. पण लबाड वाण्याने आणून दिला म्हणून काटा खोटा ठरत नाही, तपासून घ्यावा एवढेच. लीटरभर पेट्रोल जळले की सुमारे 2.3 किलो कार्बन डायऑक्साइड निघतो, मोजणारा कोणी का असेना.

71 टक्क्यांचा आकडा 2017 च्या ‘कार्बन मेजर्स’ अहवालातला. तो सरसकट प्रदूषणाचा नाही, 1988 पासूनच्या औद्योगिक हरितगृह वायूंचा आहे. त्या शंभर कंपन्या कोळसा, तेल, गॅस काढणाऱ्या. आपली कोल इंडियाही त्यात आहे. आणि गंमत पुढेच आहे: त्यांच्या खात्यावरचे जवळजवळ 90 टक्के उत्सर्जन त्यांचा माल आपण जाळतो तेव्हाचे. म्हापशाच्या पंपावर मी टाकी भरली, तर तो धूर बहुधा त्याच 71 टक्क्यांत मोडतो. धूर एकच, लिहिला दोन वह्यांत.

हिरवाईचे थोडक्यात. गोव्याचे वनक्षेत्र 60 टक्क्यांच्या घरात आहे खरे, पण वन सर्वेक्षणाच्या मोजणीत हेक्टरभराची काजूची बाग आणि कुळागर, म्हणजे सुपारी-नारळाची बागही धरतात. आणि या हिरवाईत गाड्या माणसांच्या बरोबरीला आल्यात.

विजेच्या स्कूटरचा हिशेब दोन ओळींचा. गोव्याच्या विजेचा मोठा वाटा कोरबा, विंध्याचलसारख्या कोळशाच्या केंद्रांतून येतो. देशाची सरासरी युनिटमागे साधारण 0.7 किलो कार्बन डायऑक्साइड. शंभर किलोमीटरला साडेतीन युनिट धरले तर अडीच किलो. पेट्रोलची स्कूटर लीटरला 45 देत असली तरी पाच किलो. म्हणजे निम्मे. बॅटरी बनवतानाचा धूर वेगळा, पण रोज तीसेक किलोमीटर फिरणाऱ्याचा तो वर्ष-दोन वर्षांत फिटतो.

आता ‘एसी लावून झोपा’. आमच्या एसीत दोन वर्षे लागोपाठ गॅस भरला. यंदा मेकॅनिकला म्हटले, गळती दाखव. त्याने साबणाचा फेस लावला आणि आतल्या कॉइलच्या कोपऱ्यावर एक बुडबुडा सावकाश फुगला. “खारें वारें न्हय, सायबा? दर वर्सा भरचोच पडटा.”

भरायचाच, पण जातो कुठे? हवेत. आर-32 हा एसीतला गॅस वजनाला वजन कार्बन डायऑक्साइडच्या सुमारे 675 पट तापवतो. 800 ग्रॅम गळला तर 540 किलो कार्बन डायऑक्साइडएवढा, म्हणजे 235 लीटर पेट्रोल जाळल्यासारखे. तेवढ्यात स्कूटरने पणजी-मडगाव जाऊन-येऊन 160 फेऱ्या होतील. जुन्या एसीतला आर-22 तर 1,800 पटींचा. चार्जरचे बटण बंद केले की नाही यावर घरात भांडणारे आम्ही, हा हिशेब कधी केलाच नव्हता.

संदेशातली एक चीड मात्र मलाही मान्य. मुरगाव बंदरात उतरणारा कोळसा माझ्या घरातला दिवा मालवल्याने थांबत नाही, आणि रात्री आठनंतर गावाकडे बस मिळत नाही म्हणून घरटी दोन स्कूटर लागतात. ते सरकारला विचारायचे, ग्रामसभेत उभे राहून. त्यासाठी एसी गळत ठेवायची गरज नाही.

यंदा गॅस भरला नाही, कॉइल बदलली. दोन वेळच्या गॅसपेक्षा महाग पडली. उरलेला गॅस हवेत न सोडता बाहेरच्या युनिटमध्ये ओढून घे, हे मेकॅनिकला दोनदा सांगावे लागले. पाने त्याच्याजवळ होते, सवय नव्हती.