लोकल फोल्डर्सचा आग्रह धरणाऱ्या निपाणीच्या वाचकांना उत्तर

नमस्कार सर,

थंडरबर्ड या कॉम्प्युटरवरच्या मेल प्रोग्राममध्ये जुने मेल अर्काइव्ह कुठे करायचे, म्हणजे इनबॉक्समधून हलवून कुठे जपून ठेवायचे, यावरच्या माझ्या लेखाखाली तुम्ही लांबलचक आणि सडेतोड प्रतिक्रिया दिलीत. दोन ओळींत उत्तर देऊन भागलं नसतं, म्हणून वेगळं लिहितोय.

ज्यांनी ती वाचली नाही त्यांच्यासाठी तुमचं म्हणणं थोडक्यात सांगतो. अर्काइव्ह त्याच अकाउंटमध्ये, म्हणजे सर्व्हरवरच ठेवा, हा माझा सल्ला म्हणजे 'या खोलीतली अडगळ त्या खोलीत'. मेलबॉक्स भरलेला तो भरलेलाच. त्यापेक्षा लोकल फोल्डर्स, म्हणजे आपल्याच कॉम्प्युटरवरची फोल्डर, निवडलं की जागा मोकळी होते आणि इंटरनेट नसलं तरी जुने मेल उघडतात. वर्षवार फोल्डर हा नसता उपद्व्याप, एकच फोल्डर ठेवावा, सर्च आहेच की. आणि शेवटी टोला: तुम्ही बेळगावच्या उद्यमबाग औद्योगिक वसाहतीतल्या वर्कशॉपवाल्यांसाठी लिहिता, आमच्यासारख्या करसल्लागारांचा विचार करत नाही.

टोल्यापासूनच सुरू करतो, कारण तुमच्या धंद्यामुळेच माझा सल्ला जास्त लागू पडतो. जीएसटीची कागदपत्रं त्या वर्षाच्या वार्षिक विवरणपत्राच्या मुदतीपासून 72 महिने सांभाळावी लागतात, हे मी तुम्हाला काय सांगणार! 2023-24 चं विवरणपत्र 31 डिसेंबर 2024 पर्यंत भरायचं होतं, म्हणजे त्या वर्षाचे कागद 2030 च्या डिसेंबरअखेरपर्यंत हाताशी हवेत. इकडे तर प्रत्येक पार्टीचा निम्मा व्यवहार कोगनोळी नाक्यापलीकडे, म्हणजे महाराष्ट्रात. माल कोल्हापूरला गेला की आयजीएसटी, म्हणजे दोन राज्यांमधल्या व्यवहाराचा कर; एका बिलावर कर्नाटकचा 29 चा नंबर, दुसऱ्यावर महाराष्ट्राचा 27 चा. दोनतीन वर्षांनी नोटीस आली की बिलं, ई-वे बिलं, पार्टीशी झालेली बोलणी हे सगळं मेलमध्येच शोधावं लागतं. तेव्हा ते मेल सातआठ वर्षं कुठे टिकतील, हा पहिला प्रश्न. जागेचा प्रश्न त्यानंतरचा.

आता लोकल फोल्डर्स. लोकांना वाटतं की हा बॅकअप आहे. तो बॅकअप नाही. अर्काइव्हसाठी कीबोर्डवरचं 'ए' दाबल्यावर थंडरबर्ड मेलची दुसरी प्रत काढत नाही, मेल हलवतो. ठिकाण लोकल फोल्डर्स असेल तर मेल तुमच्या डिस्कवर उतरतो आणि सर्व्हरवरच्या त्या फोल्डरमधून पुसला जातो. ऑफिसच्या डोमेनवरचा, म्हणजे जीमेल नव्हे तर स्वतःच्या नावाच्या पत्त्यावरचा, मेल असेल तर त्या क्षणापासून जगात त्याची एकच प्रत उरते, तुमच्या टेबलाखालच्या डब्यात. मोबाइलवर तो दिसणार नाही, मुलगा दुसऱ्या मशीनवर बसला तर त्यालाही दिसणार नाही.

आणि त्या डब्यात तरी कुठे? विंडोजवर सी ड्राइव्हमध्ये यूजर्स, त्यात तुमच्या नावाचं फोल्डर, मग ॲपडेटा, रोमिंग, थंडरबर्ड, प्रोफाइल्स. ॲपडेटा हे फोल्डर विंडोज लपवून ठेवतं. आता आपल्याकडे पीसी बिघडला की काय होतं ते आठवा. दुकानात टाकला की पोरगा विचारतो, "डेटा सगळा डी मध्ये आहे न्हवं?" आपण म्हणतो, "व्हय, डी मध्येच." एक्सेल डी मध्ये, टॅलीचा डेटा डी मध्ये, मुलीच्या लग्नाचे फोटो डी मध्ये. तो निर्धास्तपणे सी ला फॉरमॅट मारतो. संध्याकाळी मशीन चकाचक घरी येतं आणि लोकल फोल्डर्स रिकामे. त्याला तरी काय बोलणार? विचारूनच केलंय त्यानं. सर्व्हरवर अर्काइव्ह असेल तर अकाउंट पुन्हा जोडलं की सगळं परत उतरतं. माझ्या आग्रहामागे एवढंच आहे.

'इंटरनेट नसलं तरी मेल दिसतात' हे सर्व्हरवरच्या अर्काइव्हलाही लागू आहे. अकाउंट सेटिंग्जमध्ये सिंक्रोनायझेशन अँड स्टोरेज उघडा. या अकाउंटमधल्या सगळ्या फोल्डरचे मेल या कॉम्प्युटरवर ठेवा, अशा अर्थाचा चौकोन तिथे आहे. आयमॅप, म्हणजे मेल सर्व्हरवरच ठेवणाऱ्या, अकाउंटला बहुधा आधीपासूनच खूण असते. त्याच पानावर खाली अमुक दिवसांपेक्षा जुने मेल पुसा असाही पर्याय आहे, त्याला हात लावू नका. तो डिस्कवरची प्रत पुसून थांबत नाही, सर्व्हरवरचा मूळ मेलही घालवतो.

जागेबद्दल. डोमेनचा मेलबॉक्स छोटा असेल आणि वाढवून मिळत नसेल, तर तुमचं बरोबर आहे, लोकल फोल्डर्सशिवाय इलाज नाही. पण प्रतिक्रियेत तुम्ही जीमेललाही तोच न्याय लावलात, तिथे गणित बदलतं. जीमेलमध्ये इनबॉक्स हे एक लेबल आहे, मूळ मेल 'ऑल मेल'मध्ये असतो. थंडरबर्डनं इनबॉक्समधून मेल काढून डिस्कवर आणला, तरी जीमेलच्या मूळ सेटिंगप्रमाणे तो नुसता इनबॉक्समधून उतरतो आणि ऑल मेलमध्ये राहतो. तुमच्या डिस्कवर एक, गुगलकडे एक. 15 जीबीतला एक एमबीसुद्धा सुटत नाही, आणि ते 15 जीबी ड्राइव्ह आणि फोटोंसकट आहेत. जीमेलसाठी मी ग्राहकांना सरळ सांगतो: अर्काइव्हचं ठिकाण म्हणून ऑल मेल निवडा आणि अर्काइव्ह ऑप्शन्समध्ये एकच फोल्डर ठेवा. नाहीतर थंडरबर्ड तिथेही वर्षांची लेबलं पाडत बसतो. तेव्हा एकच फोल्डर ही तुमची सूचना जीमेलपुरती मला मान्य आहे.

बाकी ठिकाणी नाही, विशेषतः लोकल फोल्डर्समध्ये तर नाहीच. थंडरबर्ड नेहमीच्या पद्धतीत एका फोल्डरचे सगळे मेल एकाच लांबलचक फाइलमध्ये ठेवतो, शेजारी एमएसएफ नावाची छोटी सूची. दहा वर्षांचे मेल एकाच फोल्डरमध्ये म्हणजे कित्येक जीबीची एक फाइल. आज त्यात एक मेल टाकलात की फाइल बदलली, म्हणजे बॅकअप घेताना ती अख्खी पुन्हा कॉपी. पेन ड्राइव्ह एफएटी32 या जुन्या पद्धतीनं फॉरमॅट केलेला असेल तर 4 जीबीच्या वर ती फाइल मावणारच नाही. वर्षवार ठेवलं तर 2019 ची फाइल एकदा कॉपी झाली की झाली, पुन्हा तिला कोणी शिवत नाही. सूची बिघडली तर दुरुस्तीही त्या एका वर्षापुरती. फोल्डरवर राइट क्लिक करून प्रॉपर्टीजमध्ये रिपेअर फोल्डर दाबायचं, सूची नव्यानं तयार होते.

सर्चवर तुमचा फार विश्वास दिसतो. माझा तेवढा नाही. एकच गाव, आपलं बेळगावच घ्या, मेलमध्ये कुणी जुन्या इंग्रजी स्पेलिंगनं लिहितो, कुणी 2014 मध्ये नाव बदलल्यानंतरच्या, कुणी मराठीत, आणि सरकारी पत्र कन्नडमध्ये येतं. एक लिहून शोधलं तर बाकीचे तीन सापडत नाहीत. तारखेवरून गाठणं सोपं पडतं.

तारखेवरून आठवलं, तुमच्या कामासाठी मी वर्षवारही सुचवणार नाही, महिनावार सुचवेन. थंडरबर्डचं वर्ष जानेवारी ते डिसेंबर. आर्थिक वर्षाचा पर्याय त्यात नाही. वर्षवार ठेवलंत तर 2024 च्या फोल्डरमध्ये पहिले तीन महिने एका आर्थिक वर्षाचे आणि उरलेले नऊ दुसऱ्याचे, आणि ऑडिटच्या वेळी सगळी सरमिसळ. महिनावार निवडलं की 2024 च्या आत 2024-04, 2024-05 अशी फोल्डर पडतात. एप्रिल ते मार्चची बारा उचलायची आणि सीएला द्यायची. अर्काइव्ह तुम्ही कधी केलं याला महत्त्व नाही, मेलची तारीख पाहून तो योग्य महिन्यात जातो. आज बसून 2021 चे मेल निवडून 'ए' दाबलंत तरी ते 2021 च्याच फोल्डरमध्ये जातील. पार्टीवार फोल्डर केली असतील तर तिथेच 'आहे ती रचना कायम ठेवा' अशा अर्थाची एक खूण आहे. ती केली की काळाच्या फोल्डरखाली पार्टीचं फोल्डरही पुन्हा तयार होतं.

हे सगळं अकाउंट सेटिंग्जमध्ये, त्या अकाउंटच्या नावाखाली कॉपीज अँड फोल्डर्स या पानावर मेसेज अर्काइव्ह्ज या भागात मिळेल. प्रत्येक अकाउंटला वेगळं ठरवता येतं, त्यामुळे जीमेलला एक आणि डोमेनला दुसरं ठेवायला काहीच हरकत नाही.

आता तुमच्या डोमेनच्या मेलबॉक्सपुरतं. लोकल फोल्डर्स ठेवा, पण त्याची जागा सी वरून हलवा. अकाउंट सेटिंग्जच्या यादीत लोकल फोल्डर्सवर क्लिक केलंत की लोकल डिरेक्टरी म्हणून पत्ता दिसेल. आधी तो लिहून घ्या आणि थंडरबर्ड पूर्ण बंद करा. त्या पत्त्यावरचं लोकल फोल्डर्स हे फोल्डर डी वर कॉपी करा, मग थंडरबर्ड उघडून ब्राउजनं नवीन पत्ता द्या आणि पुन्हा सुरू करा. नुसता पत्ता बदललात तर जुने मेल आपोआप तिकडे जात नाहीत, आणि मग सगळं गेलं म्हणून घाबरायला होतं.

ते फोल्डर वनड्राइव्ह किंवा गुगल ड्राइव्हच्या सिंक होणाऱ्या फोल्डरमध्ये मात्र ठेवू नका. चालू थंडरबर्ड त्या फाइली सतत बदलत असतो, सिंकवाला मागून त्याच फाइली ओढत असतो, आणि त्या ओढाताणीत फाइल खराब होऊ शकते. महिन्यातून एकदा, जीएसटीची धावपळ संपली की, थंडरबर्ड बंद करून बाहेरच्या हार्ड डिस्कवर कॉपी घ्या आणि ती डिस्क ऑफिसात न ठेवता घरी न्या.

आणखी एक. सगळे जुने मेल एका दमात निवडून 'ए' दाबू नका, एकेक महिना घ्या. आता वळवाचे दिवस आहेत, चार वाजता वारा सुटला की लाइट गेलीच म्हणून समजा, आणि यूपीएसची बॅटरी किती टिकते हे आपल्याला लाइट गेल्यावरच कळतं. हजारो मेल हलत असताना मशीन बंद पडलं तर कुठले गेले आणि कुठले राहिले हे शोधण्यात दिवस जातो.

तुम्ही विचारलं होतं की आधीच लोकल फोल्डर्समध्ये गेलेले मेल परत सर्व्हरवर नेता येतील का. येतात. फोल्डरमधले मेल निवडून राइट क्लिक, कॉपी टू, आणि अकाउंटमधलं फोल्डर. मूव्ह करू नका, कॉपीच करा. वेबमेल उघडून तिथे सगळे पोचल्याची खात्री झाली की मगच लोकलमधले पुसा, आणि पुसल्यावर फोल्डरवर राइट क्लिक करून कॉम्पॅक्ट चालवा. त्याशिवाय डिस्कवरची फाइल लहान होत नाही.