तीन कोटींची फी आणि पैशांचा फॉर्म

बारावीनंतर मुलांना थेट अमेरिकेत पाठवणाऱ्या किंवा पाठवू बघणाऱ्या पालकांबद्दल जरा लिहायचंय. ठाण्याला नौपाड्यात माझी सीएची प्रॅक्टिस आहे, त्यामुळे हे लोक माझ्याकडे नेटवर्थ सर्टिफिकेट (मालमत्तेतून कर्ज वजा जाता किती उरतं याचा दाखला) मागायला येतात, आणि येतात तेव्हा बहुतेक वेळा उशीर झालेला असतो. हार्वर्ड-स्टॅनफर्डची फी बघून 'हे आपलं काम नाही' म्हणणारे एकीकडे आणि 'अहो तिथे स्कॉलरशिप मिळते' म्हणून निर्धास्त बसलेले दुसरीकडे, दोघंही अर्धवट माहितीवर चाललेत असं माझं स्पष्ट मत आहे.

आधी आकडा घ्या. या टॉपच्या खासगी युनिव्हर्सिट्यांमध्ये नुसती ट्यूशनच वर्षाला साठ-पासष्ट हजार डॉलरच्या पुढे गेलीय, त्यात होस्टेल, जेवण, इन्शुरन्स, पुस्तकं धरली की नव्वद हजारांच्या आसपास जातं, म्हणजे आपले जवळपास 80 लाख, एका वर्षाचे. चार वर्षांचे तीन कोटींच्या वर, आणि फी दरवर्षी वाढते, रुपया काय करतो ते तुम्हाला माहितीच आहे. एवढ्यात वसंत विहारला चांगला फ्लॅट येतो. इथे बहुतेक लोक टॅब बंद करतात.

पण हा छापील दर आहे आणि तो सगळ्यांनी भरायचा नसतो, हे आपल्याकडे कोणी नीट सांगत नाही. हार्वर्डने 2025-26 पासून जाहीर केलंय की घरचं वर्षाचं उत्पन्न एक लाख डॉलरपर्यंत असेल आणि मालमत्ता साधारण असेल तर पालकांनी काही भरायचं नाही, दोन लाखांपर्यंत ट्यूशन माफ. एमआयटीचंही साधारण तसंच. आता एक लाख डॉलर म्हणजे किती? पंच्याऐंशी-नव्वद लाख रुपये! नवरा-बायको दोघं नोकरी करणारे, मिळून 30 लाख कमावणारे, घोडबंदर रोडला टू बीएचके आणि त्याचा हप्ता, हे जोडपं इथे स्वतःला 'क्रीमी' समजतं, कुठल्याच सरकारी योजनेत बसत नाही, आणि तिकडच्या हिशोबात ते कमी उत्पन्नाचं घर ठरतं. हे मी सांगते तेव्हा समोरच्याचा विश्वास बसत नाही. आपल्याकडे फी माफी म्हणजे खूप खालची मर्यादा असंच डोक्यात बसलंय. आयआयटीची ट्यूशन 2016 मध्ये 90 हजारांवरून दोन लाख झाली तेव्हा उत्पन्नाप्रमाणे सवलत आली, ती एक लाखाच्या आत पूर्ण माफी आणि पाच लाखांपर्यंत दोन तृतीयांश अशी. मग 30 लाखवाल्याला कुठून सुचणार की आपणही अर्ज करावा.

आता दुसरी बाजू, आणि खरा घोळ इथे आहे. मदत देतात सगळेच, पण अर्ज वाचताना 'हा मुलगा पैसे मागतोय' हे बघून वाचतात की न बघता वाचतात, हे प्रत्येक ठिकाणी वेगळं असतं. न बघता वाचणाऱ्यांना नीड-ब्लाइंड म्हणतात. अमेरिकन मुलांसाठी अशा बऱ्याच युनिव्हर्सिट्या आहेत, पण परदेशी मुलांसाठीसुद्धा नीड-ब्लाइंड असलेल्या फार थोड्या: हार्वर्ड, येल, प्रिन्स्टन, एमआयटी हे जुने, मग 2022 मध्ये डार्टमथ आलं, नंतर ब्राउन, नोत्र दाम, आणि काही छोटी कॉलेजं. स्टॅनफर्ड, कोलंबिया, कॉर्नेल, पेन इथे परदेशी मुलाने मदत मागितली की ती गोष्ट निवडीत मोजली जाते. मग काही हुशार लोक म्हणतात आत्ता मागायचीच नाही, आत गेल्यावर मागू. स्टॅनफर्डचा नियम बघा, परदेशी मुलाने अर्जाच्या वेळी मदत मागितली नाही तर पुढची चारही वर्षं मागता येत नाही. बसा मग.

म्हणजे कुठे अर्ज करायचा ही यादीच मुळात तुमच्या बॅलन्सशीटवरून ठरायला हवी. पण होतं काय, यादी ठरते काउन्सेलरच्या ब्रोशरवरून. नववीपासून 'प्रोफाइल बिल्डिंग' चालू, कुणाला एनजीओ काढून देतात, कुणाचा 'रिसर्च पेपर' छापून आणतात (सोळा वर्षांच्या पोराचा!), निबंध चार-चार हातांतून जातो. पॅकेजची फी लाखांत. आणि तीन वर्षांत एकदाही पालकांना विचारत नाहीत की बाबा तुमचं उत्पन्न किती, कर्ज किती, किती भरू शकाल. विचारलं तर गिऱ्हाईक जाईल ना. स्टॅनफर्ड-हार्वर्डला शंभरातले चार घेतात, एमआयटीत परदेशी मुलांमधले दोनच्या आसपास, तिथे कटऑफ नाही, लिस्ट लागत नाही, 'किती टक्क्यांना लागतं' या प्रश्नाला उत्तरच नाही, त्यामुळे आशा विकायला मोकळं रान. तिकडेही पैसेवाल्यांनी हे केलंच की, 2019 मध्ये खोटे खेळाडू दाखवून पोरं घुसवण्याचा घोटाळा बाहेर आला आणि आईबाप तुरुंगात गेले.

आता मदत मागायचा तो पैशांचा फॉर्म. सीएसएस प्रोफाइल नाव त्याचं, एसएटी ही प्रवेशपरीक्षा घेणाऱ्या कॉलेज बोर्डाचाच. मला हा फॉर्म मनापासून आवडतो, कारण तो घराची पार उलटतपासणी घेतो. पगार, बोनस, भाडं, एफडी, शेअर्स, पीएफ, राहतं घर कधी घेतलं, केवढ्याला, आज किंमत काय, कर्ज किती उरलंय, दुसरं घर, धंदा असेल तर त्यातला हिस्सा. आता आपल्याकडची घरं घ्या. साताऱ्याला आजोबांच्या नावावर जमीन, सातबाऱ्यावर आठ नावं, वाटणी झालेली नाही, ती तुमची मालमत्ता की नाही? ठाण्याचा फ्लॅट आईच्या नावावर, हप्ता मुलगा भरतो. कळव्याचा गाळा भावाभावांत. अमेरिकन फॉर्मला एकत्र कुटुंब समजत नाही, त्यामुळे रकान्यात आकडा टाकून भागत नाही, शेवटी जी मोकळी जागा असते तिथे आणि युनिव्हर्सिटीला पत्र लिहून समजावावं लागतं, कागदासकट. ते नीट लिहिलं तर ऑफिस वाचतं, प्रश्न विचारतं, माझा अनुभव चांगला आहे. आणि घाबरू नका, फ्लॅट दोन कोटींचा झाला म्हणून लगेच श्रीमंत धरतात असं सगळीकडे नाही, हार्वर्ड आणि प्रिन्स्टन राहत्या घराची किंमत धरतच नाहीत, काही ठिकाणी मात्र धरतात, ते आधी बघायचं.

आणि मग आमचे धंदेवाले क्लायंट. 'मॅडम जरा कमी दाखवा ना' असं वर्षानुवर्षं म्हणणारे आता खूश असतात की रिटर्नमध्ये नऊच लाख आहेत, मदत फुल मिळणार. मिळेलही कदाचित, पण मग फॉर्मच्या दुसऱ्या पानावर दोन गाड्या, मुलाच्या इंटरनॅशनल स्कूलची फी आणि दुबईची ट्रिप कुठून आली ते लिहा. नाही मिळाली तर बँकेत जा, तिथे त्याच नऊ लाखांच्या रिटर्नवर कर्ज मागा, मग कळेल. याउलट काही जण उलट्या बाजूने येतात, व्हिसासाठी नेटवर्थ फुगवून द्या म्हणून. सर्टिफिकेटवर माझा युडीआयएन (सीएच्या प्रत्येक दाखल्याचा वेगळा नंबर) असतो हो, तो नंबर ऑनलाइन कोणीही तपासू शकतं. नाही म्हणते, मग दुसरीकडे जातात.

कर्जाचं थोडक्यात. साडेसात लाखांपर्यंत तारण लागत नाही असं जे ऐकता ते खरं आहे, पण 80 लाख वर्षाला लागणार असताना त्याचा उपयोग किती? मोठ्या रकमेला सरकारी बँक घर तारण मागू शकते. कर्ज काढून पाठवलेत तर 1 एप्रिल 2025 पासून टीसीएस (पैसे परदेशी पाठवतानाच बँक कापून घेते तो कर) नाही, पदरचे पाठवलेत तर दहा लाखांवर लागतो. शैक्षणिक कर्जाच्या व्याजाची वजावट इन्कम टॅक्समध्ये आठ वर्षं मिळते, पण जुन्या रिजीममध्ये असाल तरच, हे बँकेतला माणूस सांगत नाही. आणि आपल्याकडच्या शिष्यवृत्त्यांच्या भरवशावर राहू नका, राज्य सरकारची राजर्षी शाहू परदेश शिष्यवृत्ती असो की 1892 पासूनची जे. एन. टाटा एन्डॉमेंट, त्या पदवीनंतरच्या शिक्षणासाठी आहेत. बारावीवाल्यांसाठी कॉर्नेलची टाटा स्कॉलरशिप आहे, एकावेळी वीसेक मुलं, अख्ख्या भारतातून.

माझं म्हणणं सोपं आहे. मदतीशिवाय झेपत नसेल तर घर तारण ठेवून, रिटायरमेंट मोडून पदवीसाठी पाठवू नका, कितीही मोठं नाव असलं तरी. मुलगी खरंच तेवढी तयार असेल तर नीड-ब्लाइंडवाल्या चार-पाच ठिकाणी बिनधास्त अर्ज करा, पैसे मागा, लाजू नका, आणि जेईई-सीईटी इकडे चालू ठेवा, कारण तिकडचे निकाल मार्चअखेर येतात आणि हो-नाही एक मेपर्यंत कळवायचं असतं. अर्ली डिसिजनमध्ये (घेतलंत तर तुमच्याकडेच येणार, असं कबूल करून लवकर केलेला अर्ज) आधीच बांधून घेऊ नका, मदतीची पत्रं शेजारी ठेवून तुलना करायची संधीच जाते. एमएससाठी चार वर्षांनी जाता येतंच, तेव्हा शिष्यवृत्त्याही असतात, मुलगीही बावीसची असते.

कॉमन अ‍ॅप (बऱ्याच कॉलेजांना एकाच ठिकाणाहून अर्ज करायची वेबसाइट) एक ऑगस्टला उघडतं, लवकरच्या अर्जांचे पैशांचे फॉर्म नोव्हेंबरमध्ये जातात. त्यामुळे ज्यांना माझ्याकडे यायचंय त्यांनी तीन वर्षांची रिटर्न्स, सातबारा, कर्जाची स्टेटमेंट्स घेऊन जूनमध्ये या. जुलैमध्ये रिटर्न्स असतात, सप्टेंबरमध्ये ऑडिट, तेव्हा मी फोनसुद्धा उचलत नाही.