सावधान, तिखट!

परवाच्या शनिवारी आमच्या इमारतीच्या मागच्या अंगणात, मी दोन दिवस खपून केलेल्या ब्राटकार्टोफेल्नच्या, म्हणजे जर्मन परतलेल्या बटाट्यांच्या, डब्यावर कुणीतरी एक चिठ्ठी चिकटवली. सुवाच्य अक्षरात: 'इंडिशे कार्टोफेल्न'. खाली लाल शाईने: 'आख्टुंग, शार्फ!' म्हणजे भारतीय बटाटे. सावधान, तिखट.

तिखट! दीड किलो बटाट्यांना पाऊण चमचा मिरपूड. आमच्या सांगलीत आजाऱ्याचा मऊ भात ह्याहून झणझणीत असतो.

गाव श्टुटगार्ट. १९६८ पासून हे मुंबईचं भगिनी-शहर आहे. मुंबईची बहीण म्हणजे आपली मावशीच, ह्या हिशेबाने गेली नऊ वर्षं मी मावशीकडे राहतोय. दर उन्हाळ्यात इमारतीतली सगळी बिऱ्हाडं अंगणात जमतात आणि प्रत्येकाने एक पदार्थ आणायचा असतो. आजवर मी समोसे, भजी, परत समोसे असं निमूटपणे नेत आलो. ह्या वर्षी ठरवलं, पुरे. ह्यांचाच पदार्थ ह्यांच्यासारखाच करून न्यायचा.

तेवढ्यात जिन्यात तळमजल्यावरच्या बाई भेटल्या.

ह्या बाई म्हणजे पंचाहत्तरी ओलांडलेल्या, पाठीने ताठ, आणि आमच्या केरवोखंच्या स्वयंघोषित सरन्यायाधीश. केरवोखं म्हणजे जिना झाडायची पाळी. ती आठवड्याला फिरते आणि ज्याची असेल त्याच्या दारावर पाटी लटकते. केर काढायचा म्हणून केरवोखं, हा एकच जर्मन शब्द मला पहिल्या दिवशी शिकवावा लागला नाही. बाई मला 'हेर' म्हणतात. जर्मनमध्ये हेर म्हणजे श्रीयुत. मराठीत हेर म्हणजे त्या.

"हेर कुल्कार्नी, पिशवीत काय?"

"बटाटे. ब्राटकार्टोफेल्न करतोय शनिवारी."

बाईंनी झाडू भिंतीला टेकवला. पिशवी माझ्या हातातून घेतली, उलटी करून पाहिली आणि पेशंटचा रिपोर्ट वाचून डॉक्टर जसा आधी चष्मा काढतो तसा काढला.

"ह्यांचे?"

"ह्यांचे."

"हे निळे आहेत."

बटाटे निळे नव्हते, पिशवीवरची पट्टी निळी होती. इकडे बटाट्यांना तीन जाती. उकडून टणक राहणारे, बऱ्यापैकी टणक राहणारे, आणि पिठूळ. पिशव्यांवर बहुधा हिरवा, लाल, निळा असे रंग असतात. पिठूळ बटाटा लगद्याला आणि सूपला; परतायला घेतला तर पॅनमध्येच विरघळून त्याचं पिठलं होतं. परतायला हिरवाच हवा. नऊ वर्षं मी पिशवीचा रंग न बघता हाताला लागेल ती उचलत होतो. म्हणजे आमच्या घरचे बटाटेवडे कधी हलके, कधी चिकट का व्हायचे, ते त्या जिन्यात उलगडलं. त्यावरून मी बायकोच्या हाताला दोन-तीनदा नावं ठेवली होती. ते प्रकरण मी घरी उकरून काढलेलं नाही.

दुकानात परत गेलो. हिरवी पट्टी.

"आज शुक्रवार," बाई म्हणाल्या (त्या जिन्यातच होत्या), "आज सालासकट उकडायचे. सोलून रात्रभर गार ठेवायचे. उद्या परतायचे. आजच्या आज परतले तर ते ब्राटकार्टोफेल्न नाहीत."

"मग काय?"

"अपघात."

हे मात्र मला पटलं, कारण ताज्या भाताचा फोडणीचा भात करणाऱ्यांबद्दल माझ्या आईचंही हेच मत आहे. उकडलेल्या बटाट्यातला स्टार्च गार होताना घट्ट बसतो, मग काप मोडत नाही आणि कडेला कुरकुरीत पापुद्रा धरतो. काही लोक कच्च्या बटाट्यांचेही करतात. मी ते नाव काढल्यावर बाईंनी "करतात," एवढंच म्हटलं, पण बहिष्कृत भावाविषयी बोलावं तशा सुरात.

शनिवारी सकाळी नऊला बेल वाजली. दारात बाई, हातात स्वतःचं लोखंडी पॅन. काळंभोर, साबणाचा स्पर्श न झालेलं, सासूकडून आलेलं. "तुमचं ते न चिकटणारं असेल," त्या म्हणाल्या. मी काही बोललो नाही, कारण होतंच.

मी माळ्यावरून, म्हणजे फ्रीजवरून, तुपाची बरणी काढली.

"हे काय?"

"तूप."

"नाही. बुटरश्माल्ट्स लागेल."

आता बुटरश्माल्ट्स म्हणजे लोणी कढवून, बेरी काढून उरलेला स्नेह. म्हणजे तूप. कढवण्यात थोडा इकडेतिकडे फरक असेल, वासात असेल. मी बरणीचा वास दिला, डबीचा वास दिला, रंग दाखवला. बाईंनी दोन्हीकडे पाहिलं आणि म्हणाल्या, "हो, सारखंच आहे. पण हे बुटरश्माल्ट्स आहे." ह्यावर ज्याला उत्तर सुचेल त्याने कळवावं.

मग अर्धा सेंटिमीटर जाडीचे काप. पॅनमध्ये एकच थर. एकावर एक काप चढला की तो भाजत नाही, वाफवतो. दीड किलो बटाटे, एकेका घाण्याला वीस मिनिटं, असे पाच घाणे. साधा गुणाकार करा म्हणजे माझी सकाळ कुठे गेली ते समजेल. पहिला घाणा पडला, चुरचुर सुरू झाली, आणि माझा हात आपोआप उलथन्याकडे गेला.

"हात मागे!"

मी हात मागे घेतला. खरोखर पाठीमागे, शाळेत घेतात तसा.

"पण करपतील."

"नाही करपणार. तुम्ही घाबरता म्हणून हलवता. हलवलं की पापुद्रा मोडतो. खालून सोनेरी होईपर्यंत त्यांना एकटं सोडा."

ह्या बाईंनी नऊ वर्षांत मला जिन्यात एकदाही एकटं सोडलेलं नाही, हे मी मनात म्हणालो.

नेमका तेव्हाच आईचा व्हिडिओ कॉल आला. मी फोन मसाल्याच्या डब्याला टेकवून ठेवला. आईने पडद्यातून पॅनमध्ये डोकावलं.

"काचऱ्या होय रे?"

"नाही आई. ब्राटकार्टोफेल्न."

"काचऱ्याच की. मोहरी कुठाय? हळद?"

"काय म्हणतात आई?" बाईंनी विचारलं.

"नमस्कार म्हणतेय."

"त्यांना सांगा, कांदा शेवटी पडणार. आधी टाकला तर जळतो. मीठही शेवटी, नाहीतर पाणी सुटतं."

सांगितलं. आई म्हणाली, "ते बरोबर आहे हो त्यांचं." मग एक-दोन क्षण माझ्याकडे बघून, "पण तू उलथनं असं का धरलंयस?" मी हे भाषांतर केलं नाही. गरज पडली नाही, बाईंनी त्याच वेळी हात पुढे करून माझी पकड सुधारली. सहा हजारांवर किलोमीटरचं अंतर, एकीला दुसरीची भाषा येत नाही, आणि मला उलथनं धरता येत नाही ह्यावर दोन मिनिटांत एकमत. जर्मनीला भारताशी करार करायचे असतील तर मंत्र्यांना पाठवू नये.

कांदा पडला, बारीक चिरलेला. मार्जोराम, म्हणजे इकडचा सुवासिक पाला, पडला. स्पेक, म्हणजे डुकराच्या खारवलेल्या चरबीचे तुकडे, मी घालणार नव्हतो, त्यावर बाईंनी फक्त उसासा टाकला. क्युमेल घालायला मी सवयीने जिऱ्याची बरणी उघडली, तर माझ्या मनगटावर चापट बसली. क्युमेल म्हणजे जिरे नव्हे, त्याचं शहाजिऱ्याशी सख्खं नातं. आपलं जिरं ते 'क्रॉयत्सक्युमेल'. थोडक्यात, त्या पॅनमध्ये भारतीय असं जे काही शिरू पाहत होतं ते बाईंनी जातीने दारातच अडवलं. हे लक्षात ठेवा, पुढे उपयोगी पडेल.

बायको दार उघडून आत आली तेव्हा मी हात मागे बांधून उभा आणि बाई माझ्या ओट्यापाशी. ती जर्मनच्या वरच्या परीक्षेचा अभ्यास करते. तिने नुकताच शिकलेला शब्द ऐकवला: 'ब्राटकार्टोफेल्फरहेल्टनिस'. शब्दशः, परतलेल्या बटाट्यांचे संबंध. लग्नाबिग्नाच्या भानगडीत न पडता, आयतं जेवण मिळतं म्हणून टिकलेलं स्त्री-पुरुषाचं नातं. असा शब्द शब्दकोशात असावा ह्याचं मला कौतुक वाटत होतं, तोवर बायकोने तो बाईंसमोर वापरला. बाई खळखळून हसल्या. नऊ वर्षांत पहिल्यांदा.

आता ह्या सगळ्यानंतर ती चिठ्ठी. आणि अक्षर बाईंचं.

मी डबा घेऊन त्यांच्याकडे गेलो. "हे तर तुमचेच ब्राटकार्टोफेल्न आहेत. तुमचं पॅन, तुमची पद्धत."

"पण केले तुम्ही ना?"

"आणि तिखट कुठाय?"

"भारतीय म्हटलं की लोक विचारतातच. म्हणून आधीच लिहून ठेवलं." ह्यात त्यांना खरंच काही वावगं वाटत नव्हतं. त्यांनी माझी सोय केली होती.

दुसऱ्या मजल्यावरच्या दाढीवाल्याने एक काप तोंडात टाकला, 'हूऽ' करून हवा आत ओढली आणि अर्धा ग्लास पाणी प्याला. "इंटरेसांट! करी आहे का ह्यात?" मी म्हटलं, मार्जोराम आहे. तो समजूतदारपणे मान हलवून म्हणाला, "हो, तुमचे मसालेच वेगळे." शेजारच्या भांड्यात कुणीतरी आणलेलं बटाट्याचं सॅलड होतं, इकडच्या पद्धतीचं, मेयोनेझशिवाय, सूप-व्हिनेगरमध्ये मुरवलेलं. त्यावर चिठ्ठी नव्हती.

मला राग आला, आणि तो अजून गेलेला नाही. बटाटा तरी कुठला इथला? अँडीज पर्वतातून आला. जर्मन शेतकऱ्यांनी तो लावावा म्हणून १७५६ साली प्रशिया ह्या तेव्हाच्या जर्मन राज्याच्या फ्रेडरिक राजाला फर्मान काढावं लागलं. आज पॉट्सडामला त्या राजाच्या थडग्यावर लोक फुलांऐवजी बटाटे ठेवतात. इथे बटाट्याला 'ग्रोम्बीरा' म्हणतात, म्हणजे भुईतलं नाशपाती. टोपणनाव मिळालं की माणूस घरचा झाला समजा. 'लिंडा' नावाच्या जातीची नोंदणी २००४ मध्ये कंपनीने काढून घेतली तर लोकांनी ती वाचवायची मोहीम चालवली, आणि २०१० मध्ये तिला पुन्हा मान्यता मिळाली. माझा इथे राहण्याचा परवाना एका वर्षी चार महिने कुठल्याशा फायलीत अडकला होता, तेव्हा माझ्यासाठी कुणी मोहीम काढल्याचं आठवत नाही. पेरू देशातून आलेल्या बटाट्याला कुणी चिठ्ठी लावत नाही. मी परतला की मात्र तो भारतीय होतो, आणि तिखट.

डबा रिकामा झाला, हेही सांगायला हवं. तळाची करपलेली खरवडसुद्धा दाढीवाल्याने पावाने पुसून खाल्ली.

सोमवारी बाईंनी डबा परत दिला. घासून लख्ख, आणि रिकामा. आपल्याकडे शेजारणीचा डबा रिकामा परत करत नाहीत, निदान चार साखरफुटाणे तरी, पण तो विषय काढला असता तर त्यावरही चिठ्ठी लागली असती. जुनी चिठ्ठी झाकणावर तशीच होती. गरम पाणी झालं, सुरी झाली, बायकोने खोबरेल लावून पाहिलं. 'इंडिशे' तेवढं निघालं, 'शार्फ' निघेना.

"पुढच्या वर्षी हेच आणा, हेर कुल्कार्नी," बाई जिन्यात म्हणाल्या. "सगळ्यांना आवडले. फक्त तिखट जरा बेताने."

मी "या", म्हणजे हो, म्हणालो. माझं केरवोखं चालू होतं, हातात झाडू होता, आणि त्या माझी पकड बघत होत्या.