चिठ्ठी क्रमांक चार

बालवाडीच्या ताईंनी विचारलं, "शनिवारी मुलांना एखादं चित्रांचं पुस्तक वाचून दाखवाल का?" मी म्हणालो, "त्यात काय!" घरचा नळ स्वतः बदलायला घेतला होता, तेव्हाही मी हेच म्हणालो होतो.

रात्री अभ्यासाला बसलो. नुसतं वाचायचं नसतं, मुलांना बोलतं करायचं असतं, असं कळलं. ग्रोव्हर व्हाइटहर्स्ट या अमेरिकन मानसशास्त्रज्ञाने सहकाऱ्यांबरोबर १९८८ साली तसा प्रयोगच छापला होता. पालकांनी 'हो-नाही'त न संपणारे प्रश्न विचारायचे आणि मुलाच्या उत्तरात थोडी भर घालून ते त्याला परत द्यायचं. मूल 'गाडी' म्हणालं की आपण म्हणायचं, 'हो, लाल गाडी!' महिन्याभरात पोरं छान बोलू लागली म्हणे. एक बारकावा तेवढा माझ्या नजरेतून सुटला. तो प्रयोग घरातला होता, एका पालकापुढे एक मूल. माझ्यापुढे २२ बसणार होती.

गोष्ट निवडली लेकीकडे जाणाऱ्या म्हातारीची आणि तिच्या भोपळ्याची. पुस्तक ३२ पानी. चित्रपुस्तकं बहुधा तेवढीच असतात, छापखान्यात १६-१६ पानांचे फर्मे पडतात म्हणून. मी त्यात १४ पिवळ्या चिठ्ठ्या चिकटवल्या, प्रत्येकीवर एक प्रश्न. मग तालीम. पुस्तकाचं तोंड मुलांकडे, म्हणजे माझा हात लांब, मान वाकडी, नजर तिरकी. "अगदी मुरलीधर दिसतोयस," बायको म्हणाली, "फक्त बासरीच्या जागी भोपळा." श्रोते म्हणून आमचे चिरंजीव, वय वर्षं पाच. पाच वेळा ऐकलं त्यांनी, मुकाट्याने. तिथेच मला संशय यायला हवा होता.

शनिवारी सतरंजीवर २२ जण मांडी घालून बसले. चिठ्ठी क्रमांक एक: "चित्रात काय काय दिसतंय?"

"पान फाटलंय."

"चिकटपट्टी लावलीय."

"काका, तुमच्या शर्टाचं बटण तुटलंय."

नियम म्हणजे नियम. मी म्हणालो, "हो, निळ्या शर्टाचं वरचं बटण तुटलंय!"

चिठ्ठी दोन: "तुमची आजी कशी आहे?" यावर चार घरांतल्या सासू-सुनांचा साद्यंत वृत्तांत बाहेर आला. ताई खिडकीबाहेर बघू लागल्या. एका आजीचे दात रात्री वाटीत झोपतात, एवढंच इथे सांगतो.

वाघ आला तसे दोघं रडायला लागले. वाघाचा आवाज मी जरा जास्तच मनापासून काढला होता. तिसरी चिठ्ठी त्या गडबडीत ओलांडली गेली. सावरून घेत चौथी काढली आणि "पुढे काय..." एवढंच म्हणालो, तोच पहिल्या रांगेतून चिरंजीव मागे वळून सगळ्यांना म्हणाले, "आता बाबा विचारणार, पुढे काय होईल? तुम्ही म्हणायचं, माहीत नाही. मग ते पान उलटतात. ती भोपळ्यात बसून पळते."

गोष्ट संपली. पान अकरावं.

मी नेटाने शेवटचं चित्र उघडलं. म्हातारी भोपळ्यात, भोपळा उतारावर. सगळे गप्प झाले. आता जमतंय असं वाटलं. तेवढ्यात मागच्या कोपऱ्यातून, सकाळपासून एक शब्द न बोललेल्या मुलीने विचारलं, "आत शू आली तर?"

इतका सुंदर, 'हो-नाही'त न संपणारा प्रश्न माझ्या चौदांपैकी एकाही चिठ्ठीवर नव्हता. मी सवयीने भर घातली, "हो, भोपळ्यात बसलेल्या म्हातारीला जोरात शू आली!"

"मला पण आली," कुणीतरी म्हणालं. मग शेजारच्याला आली. मग रांगेला आली. दीड मिनिटात सतरंजीवर मी, भोपळा आणि आमचे चिरंजीव.

घरी येताना स्कूटरवर मागून आवाज आला, "बाबा, तुम्ही चिठ्ठी नंबर तीन विसरलात."