ॲडम टॉरस नेमका कधी बिघडला?

‘मॉन्टी ऊम जिवंत असता तर ॲडमची अशी माती झाली नसती.’ ‘रूबी’ या ॲनिमेटेड वेब सिरीजच्या चाहत्यांमध्ये हे वाक्य इतकं फिरलंय, की ते कुणाचं तरी मत आहे हेच लोक विसरून गेलेत. नवा माणूस सिरीज बघायला बसतो तेव्हा पहिल्या एपिसोडआधीच हे त्याच्या कानावर पडलेलं असतं. मग तो ॲडमला बघत नाही, ॲडमचं वाटोळं कुठून सुरू झालं ते शोधत बसतो.

सिरीज न पाहिलेल्यांसाठी थोडक्यात. नाव लिहिताना आर, डब्ल्यू, बी, वाय अशी चार इंग्रजी अक्षरं, उच्चार मात्र रूबी. रूबी, वाइस, ब्लेक आणि यँग या चार नायिकांची ही आद्याक्षरं. रूस्टर टीथ या अमेरिकन कंपनीने जुलै २०१३मध्ये ती सुरू केली. निर्माता मॉन्टी ऊम १ फेब्रुवारी २०१५ रोजी, वयाच्या ३३व्या वर्षी गेला. तेव्हा दोन सीझन झाले होते. त्यानंतर आणखी सात आले. या जगात फॉनस नावाची जमात आहे: दिसायला माणसंच, पण कुणाला मांजराचे कान, कुणाला शिंगं. त्यांच्यावर पिढ्यान्‌पिढ्या अन्याय झालेला. त्यांच्या हक्कांसाठी उभी राहिलेली आणि पुढे शस्त्र हाती घेतलेली संघटना म्हणजे व्हाइट फँग. ॲडम टॉरस तिथला मुखवटेधारी तलवारबाज. ब्लेक त्याची जुनी साथीदार, त्याला सोडून गेलेली.

दावा असा. मॉन्टीच्या मनातला ॲडम तत्त्वाला धरून राहणारा, जखमी क्रांतिकारक होता. मॉन्टी गेल्यावर उरलेल्या लेखकांनी त्याचा ब्लेकच्या मागे लागलेला माथेफिरू केला. का, तर ब्लेक आणि यँगची जोडी जुळवायची होती म्हणून. पुरावा काय, तर ब्लेक-ॲडमची गोष्ट ‘सुंदरी आणि पशू’ या परीकथेवर बेतलेली आहे आणि त्या कथेत शेवटी पशूचा उद्धार होतो.

आधी तो तत्त्वाला धरून राहणारा ॲडम कुठे दिसतो ते बघू. मॉन्टीच्या हयातीत ॲडम पडद्यावर आला मोजून दोनदा. एकदा २०१३च्या ब्लॅक ट्रेलरमध्ये, सिरीज सुरू होण्याच्याही आधी. दुसऱ्यांदा २०१४मध्ये, दुसऱ्या सीझनच्या शेवटच्या एपिसोडमध्ये श्रेयनामावली संपल्यावर. या दुसऱ्या वेळी तो जेमतेम एक वाक्य बोलतो: व्हाइट फँगचे लोक तुमचं ऐकणार नाहीत, पण माझं ऐकतील. बोलतो कुणाशी, तर सिंडर आणि तिच्या टोळीशी, म्हणजे ज्यांनी नुकतंच शहराच्या पोटात राक्षस घुसवले त्यांच्याशी. यात अन्यायाबद्दल एक अक्षर नाही. माझा शब्द चालतो, एवढंच आहे.

ब्लॅक ट्रेलर मात्र नीट बघायला हवा, कारण सगळा वाद मुळात त्यात मिटलेला आहे. लाल झाडांचं जंगल, धावती मालगाडी, छतावरून आत उतरलेले ब्लेक आणि ॲडम. यंत्रमानवांची कत्तल होते. डब्यात हवा तो माल सापडल्यावर ॲडम म्हणतो, तू पुढच्या डब्यात जा, मी सुरुंग लावतो. ब्लेक विचारते, गाडीवरच्या कामगारांचं काय? तो म्हणतो, त्यांचं काय? बस, एवढंच. त्याचा आवाज चढत नाही, चेहऱ्यावर राग दिसत नाही. प्रश्नाचं उत्तर द्यावं असंही त्याला वाटत नाही. थोड्या वेळाने ब्लेक पुढच्या डब्यावर उभी राहते, तो हात पुढे करतो, ती निरोप घेते आणि दोन डब्यांमधली कडी तोडते.

हे मॉन्टीच्या हयातीतलं, खुद्द मॉन्टीच्या हातचं काम आहे. ज्या बाईला त्या माणसाची सर्वांत जास्त माहिती होती, ती त्याला याच कारणासाठी सोडून गेली. ब्लेक नावाचं पात्रच या प्रसंगातून सुरू होतं. ॲडमला तत्त्वनिष्ठ ठरवायचं असेल तर ब्लेकने कडी उगाच तोडली, असं म्हणावं लागेल. त्याला तयार आहात का?

पहिल्या सीझनमध्ये वाइस आणि ब्लेकचं कडाक्याचं भांडण होतं. वाइस ही श्नी डस्ट कंपनीच्या मालकाची मुलगी. (डस्ट म्हणजे या जगातलं ऊर्जा देणारं खनिज.) व्हाइट फँगने आपल्या घरादाराचं काय केलं ते ती सांगते: ओळखीची माणसं गायब झाली, संचालक मंडळावरच्यांना मारलं, डस्टने भरलेला रेल्वेचा अख्खा डबा चोरीला गेला. तो डबा कुठला असावा हे प्रेक्षकाला कळावं अशीच ही मांडणी आहे. संघटनेने हिंसेची वाट धरली आहे आणि म्हणूनच ब्लेक तिथून पळाली आहे, ही पायाभरणी २०१३मध्ये झालेली आहे.

मग मुखवट्यामागे दुःख आहे, हे लोकांना सुचलं कुठून? इथे मला या दाव्यातली सर्वांत मजेशीर गोष्ट सापडते. ॲडमच्या बाजूने जे दोन भक्कम पुरावे दिले जातात, ते दोन्ही मॉन्टी गेल्यानंतरचे आहेत. पहिला तिसऱ्या सीझनमधला, भूतकाळ दाखवणारा प्रसंग. सिंडर जंगलातल्या तळावर मदत मागायला येते आणि ॲडम तिला हाकलून देतो: माणसांच्या भानगडीसाठी मी माझ्या लोकांचे जीव देणार नाही. (पुढे ती ताकद, पैसा आणि धमकी असं सगळं घेऊन परत येते तेव्हा त्याचं हे बाणेदार उत्तर गळून पडतं, पण ते असो.) दुसरा पुरावा म्हणजे डाव्या डोळ्यावरचा डाग. सहाव्या सीझनमध्ये मुखवट्याच्या जागी आलेली डोळ्यांवरची पट्टी उतरते आणि दिसतं की त्याच्या चेहऱ्यावर श्नी डस्ट कंपनीची मुद्रा डागलेली आहे, गुरांना डागतात तशी. हे प्रेक्षकांनी पाहिलं जानेवारी २०१९मध्ये. म्हणजे ज्या लेखकांनी ॲडमचा क्रांतिकारक मारला असा आरोप आहे, त्याच लेखकांनी तो क्रांतिकारक आपल्या हाती दिला. मॉन्टीच्या काळात होता तो मुखवटा, तलवार आणि ‘त्यांचं काय?’ हा प्रश्न.

बरं, हे ‘उरलेले’ लेखक म्हणजे मॉन्टीच्या मृत्यूनंतर कुठून तरी भाड्याने आणलेले नव्हते. माइल्स लुना आणि केरी शॉक्रॉस पहिल्या सीझनपासून मॉन्टीबरोबर लिहीत होते. मॉन्टीने ज्यांच्या हाती पात्रांचे संवाद विश्वासाने दिले ते हेच दोघे. दावा करणारे मॉन्टीच्या नावावर जमा करतात त्यात यांचाही हात आहे. चांगलं ते गेलेल्याचं आणि वाईट ते राहिलेल्यांचं, अशी वाटणी करणं सोपं असतं. गेलेला माणूस काही बोलायला येत नाही.

आता मुख्य आरोप: त्याला प्रियकर करून राजकारण संपवलं. तिसऱ्या सीझनच्या शेवटाकडे, चारही नायिका शिकत असलेली बीकन अकादमी जळत असताना ॲडम ब्लेकला गाठतो. मला समता हवी होती, शांतता हवी होती, असं ती म्हणते. तुला हवं ते अशक्य आहे, असं तो म्हणतो आणि तिच्या थोबाडीत मारतो. पुढचं त्याचं बोलणं पुन्हा ऐका. मानवजात ज्या न्यायाला पात्र आहे तो मी तिला देत फिरेन, आणि जाता जाता तुझं जे जे प्रिय आहे ते नष्ट करणं हेही माझं काम असेल. दोन्ही गोष्टी एकाच दमात. या माणसाला दोन्ही सारख्याच वाटतात, हेच तर पात्र आहे! जगाने मला दुखावलं आणि तूही मला दुखावलंस, तेव्हा दोघांचा हिशेब एकाच वहीत. अन्याय झालेला असतो हे खरं, आणि त्या अन्यायाच्या आड स्वतःचा अहंकार जोपासलेला असतो हेही खरं. असा माणूस ज्यांनी चळवळीत पाहिलाय, किंवा घरात पाहिलाय, त्यांना ॲडम नवा वाटणार नाही.

हा बदल अचानक झाला, असंही नाही. त्याच सीझनमध्ये त्या प्रसंगाच्या आधी ब्लेक यँगला सांगते, की माझ्या जवळचा एक माणूस बदलला, पण एका झटक्यात नाही. छोटे छोटे निर्णय साचत गेले. आधी म्हणे अपघात, मग म्हणे स्वसंरक्षण, आणि शेवटी मलाही वाटू लागलं की त्याचंच बरोबर आहे. माझ्या मते अख्ख्या सिरीजमधलं हे सर्वांत नेमकं लिहिलेलं बोलणं आहे. सहाव्या सीझनच्या आधी ॲडमवर एक छोटी फिल्म आली, तिने हाच आराखडा चित्रांत भरला. ब्लेकचे वडील घिरा यांच्यावर हल्ला करणाऱ्याला ॲडम ठार करतो, लोक त्याला वीर ठरवतात, आणि त्या कौतुकाची त्याला चटक लागते.

यँगच्या जोडीसाठी त्याला वाटेतून बाजूला केलं, या मुद्द्याला फार वेळ द्यावासा वाटत नाही. यँगचा हात त्याने कापला २०१६मध्ये, तो ब्लेक आणि यँगच्या हातून मेला २०१९मध्ये, आणि ब्लेक-यँगचं पहिलं चुंबन आलं २०२३मध्ये, नवव्या सीझनला. वाट मोकळी करायची एवढी घाई होती, तर मधली चार वर्षं लेखक काय करत बसले होते? ‘एवढा मोठा तलवारबाज दोन मुलींकडून हरलाच कसा’ हा उपमुद्दा तर मी सोडूनच देतो. त्यातला ‘मुलींकडून’ हा शब्द काढा, मग बोलू.

परीकथेचा मुद्दा मात्र गमतीचा आहे. या सिरीजमधल्या बहुतेक पात्रांमागे एखादी जुनी कथा आहे, हे खरं. रूबी म्हणजे लाल टोपीवाली मुलगी, वाइस म्हणजे हिमगौरी. पण ही सिरीज त्या कथांशी वागते कशी? सिंडर ही सिंड्रेला आहे आणि ती खलनायिका आहे. पिरा ही अकिलीस आहे, तिच्या टाचेत बाण लागतो आणि ती मरते. आयर्नवूड हा ऑझच्या गोष्टीतला टिनचा माणूस, ज्याला हृदय हवं होतं. आठव्या सीझनपर्यंत तो आपल्याच शहरावर बॉम्ब टाकायची धमकी देतो. मूळ कथेत शेवट गोड आहे म्हणून इथेही गोड होईल, असं मानायला एकही पात्र आधार देत नाही. आणि पशू कोण हे तरी कुठे ठरलंय? ब्लेकच्या डोक्यावर मांजराचे कान आहेत, सुरुवातीला ती ते बो बांधून लपवते. आडनाव बेलाडोना, म्हणजे सुंदर स्त्री. नाव सुंदरीचं, अंग पशूचं. ॲडमच्या तलवारीचं नाव ‘विल्ट’, म्हणजे कोमेजणं. त्या परीकथेत गुलाब पूर्ण कोमेजला तर पशूचं काय होतं, हे कुणाला माहीत नाही?

लोकांना खोटं बोलायचं आहे, असं मला वाटत नाही. मॉन्टीची पद्धतच तशी होती. इंटरनेटवर त्याचं नाव झालं ते व्हिडिओ गेममधल्या पात्रांच्या त्याने रचलेल्या मारामाऱ्यांमुळे. त्याच्या ट्रेलरमध्ये पात्राची ओळख होते ती रंगातून, उभं राहण्याच्या ढबीतून, शस्त्र कसं म्यानात जातं त्यातून. पहिल्या लाल ट्रेलरमध्ये तर संवादच नाहीत. अशा माणसाने एक मुखवटा दाखवला आणि दीड वर्षाहून अधिक काळ त्याला पुन्हा पडद्यावर आणलं नाही, तर त्या रिकाम्या जागेत प्रेक्षक आपापला ॲडम भरणारच. मीही भरला होता. माझा ॲडम फार उमदा होता. पण तो माझा होता, मॉन्टीचा नव्हे.

एक गोष्ट मात्र दावा करणाऱ्यांना मोकळेपणाने देतो. व्हाइट फँगच्या प्रश्नाला सिरीजने न्याय दिला नाही. पाचव्या सीझनमध्ये सिएना खान ही संघटनेची प्रमुख पडद्यावर येते, आणि तिची बाजू आपल्याला कळायच्या आतच ॲडम तिला मारतो. हिंसा कुठवर योग्य, या वादात तिची बाजू सर्वांत विचारी असू शकली असती. फॉनसवरचा अन्याय बोलण्यात वारंवार येतो, डोळ्यांना क्वचितच दिसतो. आणि जेव्हा दिसतो, ॲडमच्या चेहऱ्यावर, तेव्हा तो मरायला काही मिनिटं उरलेली असतात. तो डाग कुणी दिला, कधी दिला, तेव्हा तो केवढा होता, काहीच नाही. लेखकांवर आरोप करायचाच तर हा करा.

आणि करायचाच तर आणखी एक. धबधब्याच्या काठच्या त्या शेवटच्या लढाईत समोर ब्लेक आणि यँग आहेत. आपण काय सोडून आलो ते ब्लेकला माहीत आहे, यँगला तो कापलेल्या हातावरून माहीत आहे. ज्या कंपनीची मुद्रा त्या डोळ्यावर आहे, त्या कंपनीच्या मालकाची मुलगी त्या वेळी दुसरीकडे, विमान पळवायच्या कामात गुंतलेली आहे. पहिल्या सीझनमध्ये व्हाइट फँगने आपल्या घराचं काय केलं त्याचा पाढा वाचणारी वाइस. त्या काठावर ती हवी होती.