आधी कसे होते?

आज सकाळी सव्वानऊ वाजता आमच्या सोसायटीच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर एक सूचना आली: 'आवारात एक मनोरुग्ण मुलगा शिरला आहे, लहान मुलांना खाली पाठवू नये.' मी खाली गेले. सोळा-सतरा वर्षांचा एक मुलगा पार्किंगच्या खांबाला टेकून उभा होता, दोन्ही तळहात त्याने कानांवर गच्च दाबले होते आणि तो पुढेमागे झुलत होता. वीज गेल्यामुळे जनरेटर सुरू होता आणि त्या आवाजाने माझेही कान किटले होते. तो बंद झाला तसे मुलाचे हात आपोआप खाली आले. तेवढ्यात त्याचे वडील धावत आले आणि कोणी काही विचारण्याआधीच सवयीने सांगू लागले की तो ऑटिस्टिक म्हणजे स्वमग्न आहे, आवाज सहन होत नाही, कोणाला काही करत नाही. हे कुटुंब पंधरा दिवसांपूर्वीच बी विंगमध्ये राहायला आले आहे. म्हणजे मुलगा कोठेही 'शिरला' नव्हता, तो स्वतःच्या घराखाली उभा होता.

मी तावातावाने ग्रुपवर लिहिले: 'तो मनोरुग्ण नाही, स्वमग्न आहे. माहिती नसेल तर लिहू नये.'

तुमच्यापैकी बहुतेकांना माझा स्वमग्न दादा ठाऊक आहे, त्यामुळे मला राग का आला हे तुम्हाला समजावून सांगावे लागणार नाही. दादाला १९९८ साली सरकारी रुग्णालयातून जे प्रमाणपत्र मिळाले, त्यावर 'मतिमंद' असे लिहिले होते, कारण १९९५च्या अपंगत्वाच्या कायद्यात सातच प्रकार होते आणि स्वमग्नतेला त्यात जागाच नव्हती. ती मिळायला २०१६चा एकवीस प्रकारांचा कायदा यावा लागला. पण मला आठवते ते प्रमाणपत्र नव्हे, त्या दिवशी टेबलापलीकडच्या माणसाने आईला विचारलेला प्रश्न आठवतो: 'आधी कसा होता?' आईला तो प्रश्नच कळला नाही. ती म्हणाली, 'आधी म्हणजे कधी? तो असाच आहे.'

माझ्या मते सगळा फरक आईच्या त्या उत्तरात आहे. स्वमग्नता, बौद्धिक अक्षमता, अध्ययन अक्षमता, एडीएचडी (लक्ष न टिकणे, अतिचंचलता) यांना 'आधी' नसते. मेंदूची घडणच वेगळ्या वाटेने होते, तिच्या खुणा लहानपणीच दिसू लागतात आणि ती घडण घेऊनच माणूस मोठा होतो. नैराश्य, स्किझोफ्रेनिया (भास-भ्रमांनी वास्तवाशी नाते सुटणे), बायपोलर (मनःस्थितीचे टोकाचे चढउतार) यांना बहुधा 'आधी' असते: हसतेखेळते माणूस बदलते, बदल घरच्यांच्या लक्षात येतो आणि उपचारांनी ते पुष्कळदा परत येते. २०१७च्या मानसिक आरोग्य कायद्याने तर मानसिक आजाराची व्याख्या करताना बौद्धिक अक्षमता त्यातून स्पष्टपणे वगळली आहे (वगळताना जुनाच अपमानकारक शब्द वापरला आहे, ते सोडा). असे असताना आपण मात्र वेडा, मतिमंद, गतिमंद, मनोरुग्ण हे सगळे एकाच पोत्यात भरतो आणि वर 'येरवड्याला पाठवा' म्हणून हसतो.

मान्य आहे, ही रेषा मी म्हणते तितकी सरळ नाही. जागतिक आरोग्य संघटनेच्या वर्गीकरणातही हे दोन्ही गट एकाच प्रकरणात आहेत. मुळात 'ऑटिझम' हा शब्दच स्विस मानसोपचारतज्ज्ञ ब्लॉयलर यांनी १९११च्या ग्रंथात स्किझोफ्रेनियाच्या एका लक्षणासाठी, स्वतःच्या आतल्या जगात मिटून जाण्यासाठी, वापरला होता. अमेरिकेतले बालमानसोपचारतज्ज्ञ कॅनर यांनी १९४३ साली अकरा मुलांच्या निरीक्षणांवरून वेगळे चित्र मांडले, तरी अमेरिकेच्या निदान-पुस्तिकेत ही अवस्था स्किझोफ्रेनियापासून वेगळी निघायला १९८० साल उजाडले. आपला 'स्वमग्न' हा शब्दही त्याच गैरसमजाचा वारस आहे. दादा स्वतःत मग्न नसतो हो, त्याला आजूबाजूचे जरा जास्तच ऐकू येते.

तरीही फरक करावाच लागतो, आणि का करावा लागतो ते मला आठ वर्षांपूर्वी कळले. दादाकडे एसटीच्या जुन्या रंगीत तिकिटांनी भरलेला बिस्किटांचा एक पत्र्याचा डबा आहे. रोज संध्याकाळी दिवेलागणीला तो ती तिकिटे जमिनीवर मांडतो, रंगाप्रमाणे आणि मग दराप्रमाणे, आणि मांडून झाली की त्याच क्रमाने उचलून ठेवतो. आई गेल्यावर तिसऱ्या आठवड्यात त्याने डबा उघडणे बंद केले. जेवण अर्ध्यावर आले, पहाटे तीनला उठून तो स्वयंपाकघराच्या उंबऱ्यावर बसू लागला. ज्या डॉक्टरांकडे आम्ही गेलो, त्यांनी फाइलचे पहिले पान पाहिले आणि म्हणाले, 'अशा मुलांचे असेच असते.' मुलगा तेव्हा तेहेतीस वर्षांचा होता. दोन महिन्यांनी दुसऱ्या एका बाईंना दाखवले. त्यांनी फाइल बाजूला ठेवून तोच जुना प्रश्न विचारला, 'आधी कसे होते?' आणि या वेळी माझ्याकडे उत्तर होते. मी तिकिटांचे सांगितले. त्यांनी निदान केले नैराश्याचे. औषध सुरू झाल्यावर सहाव्या की सातव्या आठवड्यात डब्याचे झाकण वाजल्याचा आवाज आला, तेव्हा मी पोळ्या लाटत होते आणि लाटणे हातात घेऊनच बाहेर धावले.

म्हणजे दादा स्वमग्न होता आणि त्याच वेळी मनोरुग्णही होता. हे वाक्य लिहायला मला आत्ता बराच वेळ लागला.

वेळ लागण्याचे कारण असे की माझ्या सकाळच्या संदेशानंतर तिसऱ्या मजल्यावरच्या काकूंनी मला एकटीला एक ओळ पाठवली होती: 'आणि मनोरुग्ण असता तर?' त्यांचा मुलगा इंजिनिअरिंगच्या दुसऱ्या वर्षाला असताना त्याला नसलेले आवाज ऐकू येऊ लागले. त्यांच्या दिवाणखान्यात त्याचा तबला वाजवतानाचा फोटो आहे, तो आता तबल्याला हात लावत नाही. माझ्या आईला जो प्रश्न कळलाच नव्हता, तो काकूंना रोज त्या भिंतीवर दिसतो. मी एका मुलाची बाजू घेताना 'मनोरुग्ण नाही' असे ठणकावून सांगितले, जणू असता तर त्याला खांबापाशी उभे राहण्याचा हक्क नव्हता. संदेश पुसावा असे वाटले, पण तोपर्यंत त्यावर एकोणीस अंगठे आले होते.

संध्याकाळी काकूंकडे जाऊन आले. त्यांनी चहा केला, त्या ओळीविषयी आम्ही दोघीही बोललो नाही. निघताना त्यांचा मुलगा दार लावायला आला आणि हळूच म्हणाला, 'खालचा तो नवीन मुलगा, त्याचे नाव काय?'

मला ते ठाऊक नव्हते.