हिरवा ठिपका सेंद्रियचा नाही हो!

सेंद्रिय माल कसा ओळखायचा यावरच्या तुमच्या लेखात 'जैविक भारत'चं (सेंद्रिय मालावरचं सरकारी) चिन्ह बघून घ्या म्हटलंय, ते बरोबरच. पण आधी लोकांच्या डोक्यातला हिरवा ठिपका काढा! परवा गंगापूर रोडवर दुकानात एक काकू गुळाच्या पाकिटावरचा तो ठिपका दाखवून म्हणाल्या, "हे बघ, ऑरगॅनिक." अहो काकू, तो शाकाहाराचा. पुढे मोठ्या अक्षरात 'नॅचरल', मागे १४ आकडी फूड लायसन्स नंबर, आणि सेंद्रिय प्रमाणपत्राचा पत्ताच नाही. तो नंबर तर वेफर्सच्या पुडीवरही असतो.

आपल्या नाशकात दुसरा घोळ द्राक्षांचा. 'रेसिड्यू फ्री' म्हणजे तपासणीत औषधाचा अंश मर्यादेच्या आत. फवारलंच नाही असं नव्हे. सेंद्रिय बागेला आधी रूपांतराची, म्हणजे रासायनिककडून सेंद्रियकडे वळण्याची, ३ वर्षं काढावी लागतात. आमच्या मामांनी दिंडोरीला दुसऱ्याच वर्षी डाऊनीपुढे (द्राक्षावरचा बुरशीचा रोग) हात टेकले, त्यामुळे जे टिकतात त्यांना मी दोन पैसे जास्त द्यायला तयार असतो. आणि हो, स्वतःचा माल थेट गिऱ्हाइकाला विकणाऱ्या छोट्या शेतकऱ्याला (वर्षाची उलाढाल १२ लाखांपर्यंत) सेंद्रिय प्रमाणपत्रातून सूट आहे. हे लेखात यायला हवं होतं.